गडगा, फणस आणि कुलूप

घाटावरच्या भूकरमापकाची, म्हणजे सरकारी जमीन मोजणाऱ्याची, कोकणात बदली झाली की आधीचं बरंचसं शिकलेलं बाजूला ठेवावं लागतं. घाटावर भांडण बांधाचं. शेजारी दर हंगामाला नांगराचं एकेक तास पुढे मारतो, बांध कोरला जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येतं की पट्टा सरकला. सिंधुदुर्गात आलो तर बांधाच्या जागी गडगा. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, पायाशी दोन-अडीच फूट रुंद, वर निमुळता. नांगराला तो दाद देत नाही. पण पावसात ढासळतो, आणि पुन्हा रचणारा पहिला दगड कुठे ठेवतो त्यावर पुढची पन्नास वर्षं ठरतात. शेजारी मुंबईला असला तर विचारायला तरी कोण असतं?

हे प्रकरण भावकीतलंच होतं. अर्जदार मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेले. जुनं घर पाडून नवं बांधलं, मागे काजूची कलमं लावली आणि हद्दकायम मोजणीचा, म्हणजे आपली हद्द जागेवर दाखवून घेण्याचा, अर्ज केला. लगतच्या हिश्श्यात एक म्हाताऱ्या काकी एकट्या राहायच्या. दोघांचे आजे सख्खे भाऊ. सातबाऱ्यावर दोन्हीकडे नावांची ही रांग, निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांना नोटिसा काढायच्या म्हणजे टपालखर्च मोजणीच्या फीच्या मागे लागतो. म्हणून तारीख शिमग्याच्या सुमाराची धरली, तेव्हा माणसं गावात सापडतात.

गेलो तेव्हा अर्जदार नकाशा घेऊन तयारच होते. फोनवर गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवून, मोठा करून, रंगीत छापून आणलेला. त्यावर दोन हिश्श्यांमधली रेघ सरळ. जागेवरचा गडगा मात्र मध्यावर एका जुन्या फणसाला वळसा घालून अर्जदारांच्या अंगाला शिरलेला.

"साहेब, रेघ सरळ आहे, गडगा वाकडा आहे. फणस माझ्यात येतो. यात मोजायचं काय आहे?"

असे छापील कागद हल्ली प्रत्येक मोजणीला निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुष्कळ गावनकाशे एका इंचाला 330 फूट या प्रमाणात काढलेले आहेत. म्हणजे जागेवरचे चार फूट नकाशावर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही भरत नाहीत. बोरूची रेघच त्याहून जाड असते. ती रेघ फोनवर कितीही मोठी करा, तिच्या पोटात अख्खा गडगा मावतो. गाव कसं पसरलंय, कुठला नंबर कुठल्याला लागून आहे हे गावनकाशा सांगतो. चार फुटांचा न्याय करायला टिपण, म्हणजे जुन्या मोजणीत जागेवर लिहिलेल्या मापांचा कागद, बाहेर काढावं लागतं.

आधी चहा झाला. काकींनी सोडलंच नाही. "सायबानू, आधी चाय घेवा. गडगो काय पळान जाणा नाय." चहा त्यांच्याकडे घेतला म्हणून अर्जदारांचा चेहरा पडला, मग त्यांच्याकडचं कोकम सरबतही घ्यावं लागलं. मोजणीदाराने दोन्हीकडचं प्यावं नाहीतर कोणाकडचंच पिऊ नये, हे खात्यात कोणी शिकवत नाही.

रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र, लावला, पण फणस आणि आंब्यांच्या दाट सावलीत तो 'फिक्स', म्हणजे पक्की जागा, द्यायला तयार होईना, सारखा 'फ्लोट'वर, म्हणजे अंदाजावर. मोकळ्या आकाशाखाली हेच यंत्र काही सेंटिमीटरच्या आत सांगतं. झाडाखाली त्याच्या आकड्यावर सही करण्यात अर्थ नव्हता. शेवटी रोव्हरने बाहेर मळ्यात दोन बिंदू घेतले, त्यांवर ईटीएस, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, बसवलं आणि ते ज्याचा नेम धरतं तो प्रिझम आत फिरवला. गडग्याच्या दोन्ही अंगांची मापं घेतली, फणस, विहीर, दोन्ही घरांचे कोपरे, तीन हद्दी मिळतात तिथले जुने तिठ्याचे दगड, सगळं घेतलं.

मग ब्रिटिश अमदानीतलं हिस्सा टिपण उघडलं. तेव्हाची साखळी 33 फुटांची आणि तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, म्हणून सगळा हिशेब आण्यांत. टिपणात त्या हद्दीवर मध्येच एक बिंदू होता आणि तिथे आडवं माप लिहिलेलं: 2 आणे. म्हणजे चार फूट आणि वर दीड इंच. कोणा जुन्या मोजणीदाराने उन्हात उभं राहून तो वळसा मोजला होता, लिहिला होता आणि अर्जदारांच्याच अंगाला दाखवला होता. तिथे तेव्हा फणस होता की आणखी काही, याची नोंद नाही. वळण मात्र नोंदलेलं होतं. आमचं मोजमाप त्यावर बसवलं तर गडग्याचा मधला भाग टिपणाशी जुळला. फणस काकींचा.

खालच्या टोकाला मात्र गडगा दीड फूट अर्जदारांच्या हद्दीत निघाला. तिथे दगड नव्याने रचल्याचं दिसतच होतं, खालचे काळवंडलेले आणि वरचे तांबडे. दीड फुटाची ती चिंचोळी पट्टी अर्जदारांची. आणि बेडं नेमकं त्या टोकाला.

बेडं म्हणजे दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांतून सरकवलेले आडवे बांबू. माणसाने दोन बांबू सरकवायचे, पलीकडे जायचं, परत सरकवायचे. गुरं अडतात, माणूस अडत नाही. काकींची वाट तिथूनच, अर्जदारांच्या कलमांच्या कडेने खाली पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेला, मिळणारी. अर्जदारांनी बेडं काढून लोखंडी फाटक बसवलं होतं आणि त्याला कुलूप. कारण खोटं नव्हतं. डुकरांनी एका रात्रीत कोवळी कलमं उपटली होती, ते खड्डे मी पाहिले.

हद्द दाखवल्याबरोबर ते म्हणाले, "म्हणजे फाटक पूर्ण माझ्या जागेत. आता तुम्हीच सांगा काकींना."

मी सांगितलं ते दोघांनाही. जागा कोणाची ते मी सांगू शकतो. तिथून कोणी जायचं ते माझ्या हातात नाही. हद्दीवरून वाट मागायची तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 आहे, चालू वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 आहे, दोन्ही तहसीलदारांकडे. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वहिवाट असेल तर सुविधाधिकाराचा 1882 चा कायदा आहे, त्यासाठी दिवाणी न्यायालय.

अर्जदार तसे कोडगे नव्हते. खिशातून किल्ली काढून म्हणाले, "काकी, ही घ्या एक तुमच्यासाठी. कधीही या-जा."

मला वाटलं मिटलं. काकींनी हात पुढे केला नाही.

"चावी आज देतलो. उद्या कुलूप बदललान तर? माका चावी नको. बेडां होतां तसां घाला."

वकिलाला एवढं मांडायला चार पानं लागली असती. किल्ली देणारा ती परत मागू शकतो, आणि घेणाऱ्याने घेतली की आपण परवानगीने जातो हे कबूल केल्यासारखं होतं. सुविधाधिकाराच्या कज्ज्यात वाट हक्काने वापरली की मुभेने, यावरच तर सगळं अडतं. कायद्याचं पुस्तक काकींनी पाहिलं नसणार. पण इतकी वर्षं भावकीत काढली होती.

खरी ओढाताण झाली ती नकाशावर. वस्तुस्थितीत पायवाट दिसत होती, पावलांनी बसलेली, कलमांच्या ओळीत जागा सोडलेली. मी ती तुटक रेघेने दाखवली. अर्जदार हटून बसले, "ही रेघ काढा, नाहीतर पंचनाम्यावर सही नाही." वळशाचं त्यांनी मुकाट मानलं होतं, पण या तुटक रेघेला त्यांचा जीव अडकला. जमिनीवर दिसतं ते नकाशावर येणार, असं मी सांगितलं. शेवटी खाली लिहून दिलं की पायवाट जागेवर दिसली तशी दाखवली आहे, वहिवाटीच्या हक्काबाबत या मोजणीत निर्णय नाही. तेव्हा सही झाली. काकींनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं, मग सावकाश सही केली आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, कधी मिळते ते विचारून घेतलं.

ती त्यांनी तहसीलला वाटेच्या अर्जासोबत जोडली. स्थळपाहणी झाल्याचं कळलं, निकाल लागायच्या आत माझी बदली झाली. नव्या ठिकाणी असताना अर्जदारांचा फोन आला. मोजणी मान्य नाही, निमताना, म्हणजे फेरमोजणी, लावू का? म्हटलं, जरूर लावा, तुमचा हक्क आहे. वरचे साहेब येऊन पुन्हा मोजतील. टिपण तेच निघेल, आणि वाट चालू असली तर तुटक रेघही येईल. ते म्हणाले, डुकरांचं काय करू तेवढं सांगा. त्याला वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज असतो, तो कुठे करायचा ते सांगितलं.