तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या कधी बंद होणार?

हळदीकुंकवाला विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता. परवा तर राम मारुती रोडवर चपला बघत होते, तिथेही. "गोळ्या अजून चालू आहेत का गं? कधी बंद होणार?" मी आपली "बघू, डॉक्टर म्हणतील तसं" म्हणून सुटते.

बंद झाल्या. दीड वर्ष झालं. डॉक्टरांनीच थोड्या थोड्या करत थांबवल्या. सांगितलं नाही, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे: "म्हणजे बरी झालीस!"

मला आहे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं फार अवघड करणारा मानसिक आजार. त्याचं स्वतःचं असं औषध नाही. माझ्या गोळ्या होत्या नैराश्यासाठी आणि झोपेसाठी. या आजाराचा खरा उपचार थेरपी, आणि ती चालूच आहे. पण "थेरपी कधी बंद होणार" असं कोणी विचारत नाही, कारण नुसत्या गप्पांना कोणी उपचार धरत नाही. मावशीला तर हे बॉर्डरलाइन शुगरसारखं वाटलं होतं, थोडक्यात वाचलेलं. ॲडॉल्फ स्टर्न या डॉक्टरांनी १९३८ मध्ये हा शब्द वापरला तो न्यूरोसिस (भान शाबूत, पण चिंता-भीतीने त्रस्त) आणि सायकोसिस (वास्तवाचं भानच सुटलेलं) या दोन्ही खान्यांत न बसणाऱ्या रुग्णांसाठी. खाने बदलले, नाव राहिलं. थोडक्यात मी काही वाचलेली नाही.

ती जुलैतली रात्र तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, पण ऐकीव.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला, तिने उचलला नाही. एवढंच. तासाभरात माझ्या डोक्यात ठरून गेलं होतं की ती मला कंटाळली, आता संपलं. नऊपर्यंत मी बेचाळीस वेळा फोन केला होता. आकडा नंतर तिनेच दाखवला. आधी माफीचे मेसेज, मग शिव्या, मग परत माफी. साडेअकराला पावसात रिक्षा पकडून घोडबंदर रोडला तिच्या सोसायटीत गेले. वॉचमन ओळखीचा, त्याने सोडलं. दार तिच्या सासऱ्यांनी उघडलं. आत तिचं बाळ तापाने फणफणलेलं, ती कपाळावर घड्या ठेवत बसलेली. फोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद. ते बघूनही मी थांबले नाही, हे मला सांगायचंय. "एक मेसेज करता येत नाही तुला?" असं मी त्या बाळाच्या उशाशी ओरडले. मग तिचेच पाय धरले. तिचा नवरा म्हणाला, "हिला ठाण्याला न्या कोणीतरी."

आम्ही ठाण्यातच उभे होतो. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे आमच्या गावाचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात शिवीसारखं वापरतात. मीही शाळेत वापरलंय. त्या क्षणी मला हसू आलं, आणि त्या हसण्याने उरलंसुरलं बिघडलं.

पुढे दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, "ती मी नव्हते, आजार होता." निदानाच्या यादीत नऊ लक्षणं असतात, पाच पुरतात, त्यातलं पहिलंच, सोडून जातील या भीतीने वाटेल ते करणं. मला ते वाचून केवढं सुटल्यासारखं झालं होतं! पण रिक्षावाल्याला पत्ता आजाराने सांगितला नव्हता. मी सांगितला होता, सोसायटीच्या फाटकासकट. आणि हेही खरं, की तेव्हा मला थांबता येत नव्हतं. थेरपिस्ट म्हणतात, दोन्ही एकदम खरं धरायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचाराचा गाभाच तो. (ऐन तारुण्यात आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.) मला ते दोन्ही धरणं अजून जमत नाही. एक धरलं की दुसरं निसटतं.

दर मंगळवारी सेशन, आठवड्यातून एकदा गट, रोज वहीत नोंद: राग किती, भीती किती, त्यावर काय केलं. भडका उडाला की बेसिनमध्ये गार पाणी भरून, श्वास रोखून तोंड बुडवायचं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. मला आधी ही थट्टा वाटली होती.

"पण बरं होतं ना?" होतं. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या २९० रुग्णांचा माग काढला, तेव्हा दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली होती. पण लक्षणं ओसरली, शिवाय नोकरी नीट, माणसंही नीट, असे निम्मेच. आई ९३ सांगत फिरते. मी रात्री निम्म्याचा विचार करते.

गेल्या आठवड्यात भावाने फोन उचलला नाही. तीनदा केला, मग बेसिन भरलं. तो लोकलमध्ये होता.

मैत्रिणीने मला ब्लॉक केलंय. तिने बरोबरच केलं, असं मी मंगळवारी म्हणते. बाकीच्या दिवशी वाटतं, एकदा उचलायला काय झालं होतं तिला.