कपाटातल्या साड्या
पाडवा झाला की आमच्या ग्रुपचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलेलं. आंबेडाळ, पन्हं आणि दागिन्यांची मूक स्पर्धा! यंदा पार्ल्यात जमलो तेव्हा प्रत्येकीने कपाटातली एक चांगली साडी आणली आणि तिथेच विकली. पैसे परळला टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या बाहेरगावच्या पेशंट्सच्या राहण्याखाण्यासाठी. माझी मोरपिशी इरकल मैत्रिणीच्या सासूबाईंनी चक्क घासाघीस करून घेतली. (चॅरिटीत कसली घासाघीस? पण त्या दादर मार्केटच्या तालमीतल्या.) १९४१ पासूनचं हे हॉस्पिटल, देशभरातून माणसं येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मुंबईतलं खोलीभाडं परवडत नाही. तिथल्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं आपण टॅक्सीतून बघतोच. फोटो टाकतेय, पण फक्त साड्यांचे. दोन कांजीवरम उरल्यात, हव्या असतील तर इनबॉक्समध्ये या.