हल्लीची गाणी आणि आपले कान

आमच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत असतो. डावीकडे कुठल्यातरी जुन्या गाण्याच्या चार सुंदर ओळी, उजवीकडे आत्ताच्या हिट गाण्यातली एकच ओळ पाच-सहा वेळा, खाली रडणारे इमोजी. मग सगळे तुटून पडतात, संगीत संपलं, नुसता धांगडधिंगा उरलाय, शब्द कळत नाहीत, सगळी गाणी सारखीच वाटतात वगैरे. ग्रुपवर वाद घालायचा मला कंटाळा येतो, एक तर टाइप करेपर्यंत विषय कुणाच्या तरी गुडघ्यांवर गेलेला असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ती तुलना फसवी आहे हे तर उघडच आहे. जुन्यातलं जे आज वाजतं ते इतक्या वर्षांच्या चाळणीतून गाळून उरलेलं, आणि नवीन मात्र सगळं गाळासकट. त्या काळी रद्दड गाणी काय कमी होती का, आपण ती विसरलो एवढंच. आणि पुढच्या पिढीच्या संगीताला नाकं मुरडणं ही काही आपली मक्तेदारी नाही, १८१६ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने वॉल्ट्झ नावाच्या नाचाला असभ्य म्हणून झोडपलं होतं, आज तोच नाच सभ्यपणाचा नमुना समजतात. १९५७ मध्ये कंबर हलवत नाचणाऱ्या एल्विस प्रेस्ली या रॉक गायकाला अमेरिकन टीव्हीवर फक्त कमरेच्या वर दाखवला होता. असो, हे सगळं सगळ्यांनाच माहीत असतं आणि त्याने कुणाचं मत बदलत नाही.

मला इंटरेस्ट आहे तो वेगळ्याच गोष्टीत. नवीन गाणं लागलं की आपल्याला नेमकं होतं काय? कारण काहीतरी होतं हे खरंय, लोक उगाच तक्रार करत नाहीत.

आधी शब्द कळत नाहीत ही तक्रार घेऊ. तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा मोठा तितका आवाज बारीक) ऐकू येतं असं म्हणतात, पण वयाबरोबर वरची बाजू हळूहळू झिजत जाते, अगदी धडधाकट माणसाचीसुद्धा. आता गंमत अशी की स्वर खालच्या बाजूला असतात आणि स, श, फ, त, क असली व्यंजनं बरीचशी वरच्या बाजूला. म्हणजे आवाज भरपूर ऐकू येतो, गाणारी गातेय हे कळतं, पण शब्दाच्या कडा पुसल्या जातात. शांत खोलीत कुणी समोर बसून बोललं तर मेंदू ते भरून काढतो, पण गाण्यात मागे सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, झांजा, टाळ्या, गायिकेचाच आवाज चार-चार थरांत, एवढं सगळं असताना ते होत नाही. जुन्या गाण्यांचे शब्द मात्र स्पष्ट येतात! अहो ते येणारच, ते आपल्याला पाठ आहेत, कानाने अर्धं दिलं तरी उरलेलं डोकं देतं. एखादं तरुणपणी कधीच न ऐकलेलं पण त्याच काळातलं गाणं लावून बघा, कळतात का सगळे शब्द.

दुसरी भानगड फोनची. आपल्या वयाचे बरेच जण नवीन गाणं पहिल्यांदा ऐकतात ते फोनच्या स्पीकरवर, कुणीतरी पाठवलेली क्लिप, तीही स्वयंपाक करता करता. आत्ताच्या पॉपमध्ये गाण्याचा पाया असतो तो खोल बासचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाचा, आणि तो आवाज बऱ्याचदा रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ नावाच्या ड्रम मशीनवरून आलेला असतो. हे मशीन १९८० मध्ये आलं आणि तेव्हा फारसं चाललं नाही, १९८३ मध्ये बंदही केलं, लोकांना ते खऱ्या ड्रमसारखं वाटायचं नाही. नंतर स्वस्तात सेकंडहँड मिळायला लागल्यावर हिपहॉपवाल्या पोरांनी ते उचललं, आणि आज त्याचा तो लांबलचक घुमणारा ठोका सगळीकडे आहे. इतका खालचा आवाज फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून नीट निघतच नाही. म्हणजे आपण ऐकतो काय तर वरची टिकटिक आणि मधली कुजबूज, आणि म्हणतो चालच नाही. पायाच गायब केला तर राहणार काय.

पण सगळा दोष आपल्या कानांचा आणि फोनचा असं मी म्हणणार नाही, मला ते पटत नाही. काही तक्रारी खऱ्या आहेत. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला, १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांच्या वर रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरने तपासली, त्यात गाणी मोठ्या आवाजाची होत गेलेली दिसली, वाद्यांच्या आणि आवाजांच्या पोतातलं वैविध्य कमी झालेलं दिसलं आणि सुरांच्या चालींमधलंही. म्हणजे ‘सगळी सारखीच वाटतात’ हे निव्वळ म्हातारपण नाही. मोठा आवाज म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे हं. गाण्यातले हळू भाग उचलून मोठ्या भागांच्या बरोबरीला आणायचे, म्हणजे सगळं एका उंचीचा ठोकळा होतो, चढ नाही उतार नाही. याला कंप्रेशन म्हणतात, आणि कोण जास्त जोरात वाजतो याची कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं चढाओढ चालली होती. ठोकळा ऐकून कान थकतात. तरुणांचेही थकतात, ते फक्त बोलत नाहीत.

तसंच सुरुवातीचं. गाणं सुरू व्हायच्या आधीचं म्युझिक, ज्याच्यावरून आपण पहिल्या दोन सेकंदांत गाणं ओळखायचो, ते जवळजवळ गेलंच. अमेरिकेतल्या हिट गाण्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं की ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हा भाग वीसएक सेकंदांचा असायचा, तो २०१५ पर्यंत पाचएक सेकंदांवर आला. कारण समजण्यासारखं आहे, स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं मोजतात, आणि अंगठा तर स्किपवर तयारच असतो, मग कोण कशाला वाट बघायला लावेल. मला या वीस सेकंदांची खरंच आठवण येते. पण लगेच हेही आठवतं की जुन्या गाण्यांची ती तीन-साडेतीन मिनिटं तरी कुणी कलेचा विचार करून ठरवली होती? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. आपण तबकडीच्या मापाला गाण्याचं सौंदर्य म्हणत बसलो, ही पोरं अ‍ॅपच्या मापाला म्हणतील.

ऑटोट्यूनवर तर आमच्या ग्रुपचा विशेष राग. ‘हल्ली गाता येत नाही म्हणून मशीन लावतात.’ ते सॉफ्टवेअर काढलं १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड नावाच्या माणसाने, जो आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचं गणित करायचा (हे वाचल्यापासून मला ऑटोट्यूनबद्दल उगाचच आदर वाटायला लागलाय). सूर गुपचूप सरळ करायचा एवढाच त्याचा हेतू होता. त्याचा तो यांत्रिक, तुटक, मुद्दाम कळेल असा वापर जगभर गाजवला तो १९९८ मध्ये शेर या गायिकेने, आणि तेव्हा ती ५२ वर्षांची होती, पोरंटोरं नव्हती! ज्या आवाजाला आपण आजच्या पिढीचा रोग म्हणतो तो आणला बावन्न वर्षांच्या बाईने. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकाने गुड नाइटचं फूल टाकलं.

बरं आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. कान, फोन, कंप्रेशन सगळं मान्य, पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. आपल्याला जुनी गाणी आवडली ती पहिल्यांदा ऐकून नव्हे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती बरी वाटायला लागते, म्हणजे अर्थ न कळणारी चिन्हंसुद्धा. गाण्याचं तर हे फारच होतं. तरुणपणी हे पुन्हा पुन्हा आपण ठरवून केलं होतं का? नाही. रेडिओवर तेच, शेजारून तेच, बसमध्ये तेच, कॉलेजच्या गॅदरिंगला तेच, मैत्रिणीने दिवसभर गुणगुणलेलं तेच. नावडतं गाणंसुद्धा पन्नास वेळा कानावरून जायचं आणि कधीतरी नकळत आवडून जायचं. पसंतीनापसंतीचा प्रश्नच नव्हता, पर्याय कुठे होता. होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवून बघितली, तर आवड साधारण आपण तेवीस-चोवीस वर्षांचे असतानाच्या गाण्यांपाशी सर्वात जास्त होती. यावर लोक म्हणतात की बघा, तरुण मेंदू, तेव्हाच्या भावना. असेलही. पण मला वाटतं की त्या वयात आपण माणसांच्या गर्दीत असतो आणि गाणी गर्दीतून फुकट अंगावर येतात, हा भाग लोक विसरतात.

पन्नाशीत काय होतं बघा. जबरदस्तीने कानावर काही येतच नाही. घरात प्रत्येकाच्या कानात त्याचा त्याचा हेडफोन. अ‍ॅप आपण काल जे ऐकलं त्याच्यासारखंच आज देणार, म्हणजे एकदा जुन्यात शिरलात की ते दार बाहेरून लावून घेतं, ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून तीच तीच तीस गाणी. मग कधीतरी लग्नात नाहीतर रीलवर एखादं नवीन गाणं अर्धवट ऐकायचं, तेही एकदाच, आणि एवढ्यावर निकाल द्यायचा. आपल्या लाडक्या गाण्यांना तरी असा एकाच सुनावणीत न्याय मिळाला असता का हो?

कॅरल क्रमहान्सल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१३ चा एक अभ्यास मला फार आवडतो. विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली हिट गाणी ऐकवली तर त्यांना स्वतःच्या काळातली तर जवळची वाटलीच, पण आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशीही आपुलकीचा एक उंचवटा निघाला. म्हणजे घरात जे वाजलं ते उतरलं. आपल्याकडून त्यांच्याकडे गाणी गेली ती अशी, कारण आपण लावायचो आणि ती बिचारी मागच्या सीटवर बसलेली असायची. उलटा प्रवाह का नसावा?

आमच्या घरी तो सुरू झाला तो मुलाच्या आळशीपणामुळे. तो लिंक पाठवत नाही, पाठवली तरी मी उघडत नाही हे त्याला माहीत आहे, पण गाडी तो चालवतो तेव्हा गाणी त्याची असा नियम त्याने करून टाकला. त्यातलं एक गाणं मला सुरुवातीला अगदी कंटाळवाणं वाटलं होतं, मुलगी जणू झोपेतून उठून पुटपुटतेय. गाडीचे स्पीकर बरे आहेत. काही फेऱ्यांनंतर मला ऐकू यायला लागलं की ती पुटपुटत नाहीये, माइक अगदी ओठांजवळ आहे, ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास मुद्दाम ठेवलाय, कापलेला नाही. दुसऱ्या कडव्यात तिच्याच आवाजाचा एक थर खालच्या सप्तकात, इतका हळू की आधी मला वाटलं इंजिनाचा आवाज आहे. आणि धृपदाच्या ऐन आधी बास पूर्ण काढून घेतात, साधारण एक मात्रा काहीच नाही, मग सगळं एकदम परत येतं. ती रिकामी मात्रा आली की आता मी बोलता बोलता थांबते. पूर्वीच्या गायिकांना मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा असायचा, या मुलीला एका कानापर्यंत पोचवायचाय, त्यामुळे तिची सगळी कारागिरी बारीक आहे, आणि बारीक गोष्टी एकदा ऐकून सापडत नाहीत.

तरुण दिसण्यासाठी ऐकणारे मात्र मला झेपत नाहीत, ते लगेच कळतात, नावं घेतात, गाणं गुणगुणत नाहीत. उलट ब्रिटिश गायक एल्टन जॉन बघा, जन्म १९४७ चा, २०१५ पासून स्वतःच्या रेडिओ शोमध्ये नव्या पोरांची गाणी लावतोय, आणि २०२१ मध्ये डुआ लिपा या तरुण गायिकेबरोबरचं त्याचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. त्याचा तो धंदाच आहे म्हणा, आपल्याला तेवढं जमायची गरज नाही. माझा नवरा तर नवीन काहीही ऐकायला तयार नाही, तो त्याच्या त्या ठराविक गाण्यांत सुखी आहे आणि मी त्याच्या मागे लागत नाही, संगीत काही व्यायाम नाही की करायलाच पाहिजे.

फक्त ऐकायचंच असेल तर इयरफोन लावा, स्क्रीनवर शब्द येतात ते चालू करा, शब्द दिसले की ऐकूही येतात, अनुभव घेऊन बघा. आणि काय ऐकू ते एखाद्या माणसाला विचारा, अ‍ॅपला नको.

मला अजूनही मुलाची अर्धी गाणी आवडत नाहीत. परवा एका गाण्यावरून आमचं चांगलंच वाजलं, मी म्हटलं दुसऱ्या धृपदानंतर हे गाणं कुठेच जात नाही, मधे वेगळा तुकडा हवा होता, नुसतं तेच कॉपी करून चिकटवलंय. तो म्हणाला, “आई, तेच तर आहे ना त्याच्यात, तेच तेच ऐकून तंद्री लागते, तुला ट्रान्स कळतच नाही.” मग घर येईपर्यंत आम्ही भांडलो. आधी असं काही म्हटलं की तो “हो हो, जुनं ते सोनं” म्हणून कानात हेडफोन खुपसायचा.