देव जागा असताना

उसाचं बिल अडकलं की आधी झोप जाते. आमची तोड फेब्रुवारीत झाली. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण जून उजाडला तरी कारखान्याचा एक रुपया आला नव्हता. सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं रखडलेलं, खतवाला दारात, थोरलीच्या कॉलेजची फी तोंडावर. रात्री दोनला डोळे उघडायचे ते पहाटेपर्यंत मिटायचे नाहीत. शेवटी हीच म्हणाली, "यंदा माऊलींबरोबर पंढरीला चालून या. हितं बसून तरी काय हुतंय?"

पुणे, दिवे घाट, सासवडचा दुहेरी मुक्काम, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, सगळं एकात एक मिसळून गेलंय. रात्री मात्र एकेक आठवतात. दिवसभर भजनात जीव रमायचा. तंबूत पाठ टेकली की आकडे परत सुरू. ओली सतरंजी, ट्रकच्या डिझेलचा वास, शेजारच्याचा मोबाईल अकरा वाजताही मोठ्याने चालू. विठ्ठलाचं नाव घेत चाललेल्या माणसांना दुसऱ्याच्या झोपेची एवढी पर्वा नसावी, याचा फार संताप यायचा. अजूनही येतो.

फलटणच्या मुक्कामी सगळ्या दिंड्यांची मिळून होणारी समाजआरती होती. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प झाला. एक दिंडी तेवढी टाळ वाजवत राहिली. तिची काहीतरी तक्रार होती. चोपदार तिथे गेले, ऐकून घेतलं, मग तेही टाळ थांबले. मला भरून आलं. माझ्या डोक्यातला टाळही असाच महिनोन् महिने वाजत होता. फक्त तो ऐकून घ्यायला कुणी आलं नव्हतं.

बरड सोडलं तेव्हा उजव्या टाचेला चुरचुर होती. धर्मपुरीच्या अलीकडे पाऊल टेकवेना. पावसाचा पत्ता नाही, डांबर तापलेलं, आमची दिंडी पुढे निघून गेलेली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो आणि चप्पल काढली. टाचेला रुपयाएवढा फोड, चवड्याखाली दुसरा. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावरची वळकटी खाली ठेवून समोर येऊन बसली. परभणीकडची, तिसऱ्याच कुठल्या तरी दिंडीतली. काही न विचारता तिने माझा पाय मांडीवर ओढला. मी मागे घ्यायला लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे लेकरा, माऊलीचाच पाय हाय."

पिशवीतून सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं, दोरा तेलात बुडवला. फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. दोऱ्यावाटे पाणी निथळायला लागलं. "वरचं कातडं वढू नको. त्येच झाकण हाय." दुसऱ्या फोडाला वेळ लागला. त्या वेळात ती बोलत होती. मागच्या साली धाकटा मुलगा गेला. सून माहेरी. नातू तिच्याजवळ, त्याला शेजारणीकडे ठेवून आलेली. हे सगळं दोरा ओवता ओवता, आवाज न चढवता.

मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "झोप न्हाई व्हय रं तुला?"

मी उसाचं सांगितलं. कधी नव्हे ते सगळं सांगितलं.

"देव जागाच हाय की तिकडं. पलंग काढलाय त्याचा. मंग दोघांनी कशाला जागायचं?"

आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग निघतो, शेजारती बंद होते, पाठीशी लोड देऊन देवाला दिवसरात्र दर्शनाला उभं ठेवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शयनी एकादशीला विष्णू झोपी जातात म्हणतात आणि आमचा पंढरीचा देव नेमका तेव्हाच डोळ्याला डोळा लावत नाही. पण तो माझ्यासाठीही जागा आहे, असं कधी मनात आलं नव्हतं. तिचं नाव विचारायचं राहिलं. वळकटी उचलून ती चालूही लागली होती.

त्या रात्री नातेपुत्यात तोच तंबू, तोच मोबाईल. हरिपाठ झाला, पिठलं-भाकरी खाल्ली, आडवा झालो. दोनदा आकडे आले. दोन्ही वेळा मनात म्हटलं, पांडुरंगा, हे आता तू बघ, मी दमलोय. पुढचं आठवत नाही. काकड्याला विणेकऱ्यांनी हलवून उठवलं.

पुढे रिंगणं झाली, वाखरी झाली. एकादशीला कळसाला हात जोडले. द्वादशीला दर्शनाच्या बारीत उभा राहिलो, ती रांगेसाठीच्या पत्राशेडच्याही मागे गेलेली. आत पोचलो तेव्हा रात्र सरत आली होती. पायावर डोकं ठेवायला मिळालं ते क्षणभरच, मागून पुढे ढकललंच. मला बिल मागायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "दमला असशील."

प्रक्षाळपूजेच्या दिवशी मी शेतात होतो. देवाचा पलंग परत लागला, त्याला काढा दिला, हे हिने सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं.

बिल अजून आलेलं नाही. सोमवारी आम्ही गावातले काही जण व्याजासकट मागणीचं निवेदन घेऊन पुण्याला साखर संकुलात, साखर आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहोत. पहाटेची एसटी आहे. कागद पिशवीत भरून ठेवलेत, आदल्या रात्री लवकर जेवून झोपायचं ठरलंय.