बीजिंगच्या मंडपातली पाकोळी

बीजिंगमधल्या समर पॅलेस या जुन्या शाही बागेत शिनजिएन दरवाजाने आत गेलं की कुनमिंग तलावाच्या काठी, सतरा कमानींच्या पुलाच्या पूर्व टोकाला, अष्टकोनी क्वोरू मंडप लागतो. मे महिन्यात सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी तासभर इथे उभं राहावं. तुळयांच्या सांध्यांतून पाकोळ्या (स्विफ्ट पक्षी) सुसाट आतबाहेर करतात आणि त्यांच्या चिरक्या आरोळ्यांनी मंडप दुमदुमतो.

ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट स्विनहोने 1870मध्ये या पाकोळीला बीजिंगचंच नाव दिलं. अंग मातकट तपकिरी, गळा फिकट, पंख कोयत्यासारखे, शेपूट किंचित दुभंगलेली. आपल्याकडच्या पुलांखाली घरटी करणाऱ्या पाकोळीच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो, तो हिला नाही. घोटाळा होतो तो भिंगरीशी. तारेवर बसलेला पक्षी दिसला तर ती भिंगरी समजा. पाकोळीचे पाय फक्त खडबडीत पृष्ठभागाला लटकण्यापुरते. अन्न, घरट्याची पिसं-काड्या, सगळं हवेतच पकडायचं आणि काड्या लाळेने चिकटवायच्या. अंडी दोन किंवा तीन.

जागा मात्र फार मोजकी. फट खोल हवी आणि तिच्याखाली झेप घ्यायला मोकळी हवा हवी. म्हणूनच जुन्या इमारतींच्या वळचणीला पक्षी येऊ नयेत म्हणून जाळ्या लागल्या की घरटी संपतात. लाकूड जपायला हवंच, पण या पक्ष्याला अशी दुसरी जागा सहज मिळत नाही, हेही धरायला हवं.

2014च्या मे महिन्यात याच मंडपात 31 पाकोळ्यांच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारी यंत्रं बसवली. पक्षी 40 ग्रॅमच्या आसपास, यंत्र एका ग्रॅमहूनही हलकं. त्यातून स्थान थेट कळत नाही. सूर्योदय-सूर्यास्ताच्या नोंदींवरून ते काढावं लागतं, त्यासाठी तोच पक्षी पुन्हा हाती लागायला हवा. पुढच्या वर्षी 13 सापडल्या. जुलैत निघून मंगोलिया, मध्य आशिया, इराण, अरबस्तान ओलांडत त्या नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपपर्यंत गेल्या होत्या. फेब्रुवारीत परतीला लागून एप्रिलमध्ये पुन्हा इथे. जाऊन-येऊन सुमारे 26,000 किलोमीटर!

उडत्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरवली तर काहीच हाती लागत नाही. आठपट दुर्बीण एका फटीवर रोखून धरा. फोटोसाठी शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. ऑगस्टचं तिकीट काढू नका, तोवर मंडप रिकामा झालेला असतो.