थंड इंजिन

फेरारी ३६० मोडेनाच्या मागच्या काचेवर मी तळहात टेकवला आणि काच कोमट लागली. या गाडीचं इंजिन सीटच्या पाठीमागे, त्या काचेखालीच असतं. काच कोमट, म्हणजे इंजिन नुकतंच चाललेलं. तपासायच्या दोन्ही गाड्यांच्या मालकांना मी बजावून सांगितलं होतं की गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा आणि सकाळी मी येईपर्यंत किल्लीला हात लावू नका. दुसरी गाडी, एफ३५५, तशी आली होती, रात्रभर गार पडून होती. ३६० मात्र मी पोचायच्या अर्धा तास आधी चालवत आणली गेली. रात्री वेळ मिळाला नाही, असं मालक म्हणाला. असेलही. पण मला गार इंजिन हवंच होतं, त्यामुळे तिची पाळी संध्याकाळी, असं मी सांगून टाकलं. तो किल्ली ठेवून निघून गेला.

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कार विकत घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. त्या दिवशीचे गिऱ्हाईक एक डॉक्टर होते. महिनाभर त्यांचं मन दोन फेरारींमध्ये अडकलं होतं, १९९६ ची एफ३५५ की २००१ ची ३६० मोडेना. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही इतक्या गाड्या पाहिल्यात, दोन्हींतली कुठली घेऊ?" आणि मी क्षणभरही न थांबता म्हणालो होतो, "३६०."

तसं म्हणायला कारणं होती. एफ३५५ आली १९९४ साली. तिच्या नावातच तिचं इंजिन आहे, साडेतीन लिटर आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. आठ सिलिंडरचे मिळून चाळीस. ८,२५० आरपीएमला ३८० अश्वशक्ती. वरच्या आरपीएमला तिचा जो आवाज निघतो तो ऐकलेला माणूस दुसऱ्या गाडीचं नाव काढत नाही. पण तिचे टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारे रबरी पट्टे, इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असतात, सीटमागच्या भिंतीला अगदी खेटून, आणि तिथे हात शिरत नाही. म्हणून बेल्ट बदलायचे तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन असं सगळं, त्याला धरणाऱ्या चौकटीसकट (सबफ्रेम), खालून उतरवायची पद्धत आहे. बरं, बेल्ट चालढकल करायची गोष्ट नव्हे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. शिवाय रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. गाडी वर्षानुवर्षं उभी असली तरी बेल्ट म्हातारा होतोच.

१९९९ मध्ये आलेल्या ३६० मध्ये फेरारीने हे दुखणं काढून टाकलं. सीटमागचं झाकण उघडलं की बेल्ट समोर, इंजिन जागचं हलत नाही. इंजिन ३.६ लिटर, ताकद ४०० अश्वशक्ती. सांगाडा आणि बॉडी दोन्ही ॲल्युमिनियमची, अल्कोआ कंपनीबरोबर मिळून बनवलेली. त्यामुळे गाडी ३५५ पेक्षा मोठी असूनही वजनाला हलकी. उंच माणसालाही बसायला अवघडत नाही. शिवाय ३५५ ची दोन दुखणी जुन्या गाड्यांच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या, पातळ नळ्यांना तडे जातात, आणि सुरुवातीच्या ३५५ मधली ब्राँझची व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांत वर-खाली सरकतात त्या नळ्या, झिजतात. हे सगळं डोक्यात ठेवूनच मी फोनवर उत्तर दिलं होतं. खरं सांगायचं तर त्या सकाळी मी ३५५ नापास करायच्या तयारीनेच गेलो होतो.

डॉक्टर खिशात लोहचुंबक घेऊन आले होते. पत्र्याखाली पुट्टी भरलेली असली तर चुंबक नीट धरत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ३५५ च्या मागच्या मडगार्डवर त्यांनी तो लावला, टक्‌कन चिकटला. मग ते ३६० कडे गेले. दारावर लावला, पडला. मडगार्डवर लावला, पडला. छतावरही तेच. त्यांचा चेहरा उतरला. "सगळीकडे पुट्टीच आहे की काय?" मी सांगितलं की ॲल्युमिनियमला चुंबक कुठेच धरत नाही, कारखान्यातून आजच बाहेर पडलेल्या ३६० वरूनही तो असाच पडेल. इथे रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं, तेही ॲल्युमिनियमवर चालणारं. त्यांनी चुंबक खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तुम्ही काय करताय ते मी बघतो. मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाहीत.

मी ३५५ पासून सुरुवात केली. गार इंजिन चालू होतानाचे पहिले दोन-तीन मिनिटं मला दिवसभराच्या बाकी सगळ्या तपासणीइतकी मोलाची वाटतात. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, आणि डाव्या बाजूने बारीक टक्‌टक् ऐकू आली. वेग वाढवला की तीही वाढायची. तिसऱ्या मिनिटाला ती मंदावली, मग बंदच झाली. हे तडा गेलेल्या मॅनिफोल्डचं लक्षण. धातू गार असताना फटीतून वाफारा निसटतो. तापला की धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज जातो. वरून उष्णतारोधक आवरण असल्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. हीच गाडी गरम करून माझ्यासमोर आणली असती, तर हा तडा माझ्याही हाती लागला नसता.

मी मालकाला सांगितलं. तो साठीच्या पुढचा शांत गृहस्थ. म्हणाला, "डावीकडचं ना? मागच्या हिवाळ्यापासून आहे. यादीत लिहिलंय मी." त्याने पिशवीतून फाइल काढली. पिवळ्या पडलेल्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या, आणि सगळ्यात वर हाताने लिहिलेला कागद. गाडीत आता काय काय करायला हवं, त्याची यादी. पहिल्याच ओळीवर डावं मॅनिफोल्ड होतं. खाली डॅशबोर्डचं आक्रसलेलं चामडं आणि चिकट झालेली बटणं. या गाडीच्या प्लॅस्टिकवरचा लेप वर्षांनी मऊ होऊन बोटांना चिकटतो, ते सगळ्याच ३५५ मध्ये होतं.

गाडी ६८,००० किलोमीटर चाललेली. मी ती रस्त्यावर नेली. गिअर गार असताना दुसरा गिअर पडायला कुरकुरतो. तो रेटायचा नाही, तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसऱ्यात टाकायचं. मालक शेजारी बसला होता. मी तिसऱ्यात टाकला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. दहा मिनिटांनी दुसरा गिअर धातूच्या खाचेतून खटकन, विनातक्रार पडला.

परत येऊन प्लग काढले आणि लीकडाउन टेस्ट लावली. पिस्टन वरच्या टोकाला आणून व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि त्यातली किती निसटते ते पाहायचं. हवा कुठून निसटते तेही कान लावला की कळतं. एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. व्हॉल्व्ह गाइड झिजली असतील तर व्हॉल्व्ह जागेवर नीट बसत नाही, आणि ते इथे लपत नाही. आठही सिलिंडर चार ते सात टक्क्यांच्या आत होते. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तेच आकडे. मग फाइल उघडली. सहा वर्षांपूर्वी हेड उतरवून ब्राँझची सगळी गाइड काढून पोलादी बसवली होती. सुट्या भागांची पावती वेगळी, मजुरीची वेगळी. बेल्ट तीन वर्षांपूर्वी बदललेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे नापास करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपार गेली ३६० च्या बॉडीवर. ही गाडी जेमतेम १९,००० किलोमीटर चाललेली, रंग आरशासारखा. सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्के वेळच्या वेळी होते, पण एकाही शिक्क्याची पावती नव्हती. शिक्क्यावरून एवढंच कळतं की कुणीतरी शिक्का मारला. रंग सगळीकडे ११० ते १४० मायक्रॉन भरत होता. डावीकडच्या पुढच्या मडगार्डवर यंत्राने ३९० दाखवले. एवढ्यावरून मी कुणाला दोष देत नाही, पार्किंगमध्ये ओरखडा पडला तरी मडगार्ड रंगवतात. म्हणून गाडी लिफ्टवर घेतली आणि पुढचं खालचं पॅनेल उतरवलं. डाव्या बाजूच्या चौकटीवर ॲल्युमिनियमचा एक सांधा बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. कारखान्यातलं वेल्डिंग एकसारख्या ओळीत असतं. हे जाडसर होतं, घासून सपाट केलेलं, आणि वर काळा लेप दाट मारलेला. उजवीकडे तोच सांधा स्वच्छ. ॲल्युमिनियमचा सांगाडा दुरुस्त करता येतो, त्यात काही वावगं नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची धातू मऊ पडते, म्हणून ते काम योग्य साच्यावर बांधून, माहीतगाराने करायला हवं. ते कुणी, कसं केलं हे सांगणारा कागद हवा. कागद नव्हता. मालकाला फोन केला तर तो म्हणाला की त्याच्याकडे आल्यापासून गाडीला काहीही झालेलं नाही. ते खरंही असू शकेल.

संध्याकाळी डॉक्टर परत आले, तेव्हा काच गार झाली होती. मी कॉम्प्युटर जोडून आधी क्लच पाहिला. ही स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी एफ१ गिअरबॉक्सची गाडी होती, आणि तिचा क्लच किती झिजलाय ते कॉम्प्युटर सांगतो. ते ठीक होतं. मग इंजिन चालू केलं. उजवीकडून एक कोरडा, खरखरीत आवाज येत होता, पत्र्याच्या डब्यात खडे हलावेत तसा. मी लगेच बंद केलं आणि रबरी हातोडीने उजव्या मॅनिफोल्डवर हलकेच ठोकलं. आत काहीतरी खुळखुळलं. डॉक्टर जवळ आले. मी पुन्हा ठोकलं. "सुटलंय का काही आत?" त्यांनी दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

३६० च्या मॅनिफोल्डमध्येच धूर स्वच्छ करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात, सिरॅमिकच्या जाळीचे, इंजिनाच्या अगदी तोंडाशी. वर्षांनी ती जाळी ठिसूळ होऊन फुटू लागते. खाली बाहेर पडली तर एक वेळ ठीक. पण एक्झॉस्ट आणि इनटेकचे व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात, आणि तेवढ्यात तिची भुकटी उलटी सिलिंडरमध्ये ओढली जाऊ शकते. ती घासायला खरकागदासारखीच.

मी उजवीकडचे चार प्लग काढून बोअरस्कोप आत घातला. पोटात दुर्बीण घालतात तशीच ही. पडद्यावर पहिला सिलिंडर स्वच्छ दिसला, दुसराही. तिसऱ्याच्या भिंतीवर वरून खाली उभे ओरखडे होते, बारीक आणि सरळ. चौथ्यात त्याहून खोल. सिलिंडरच्या आतल्या नळीला, म्हणजे लायनरला, इथे आतून निकासिलचा कठीण लेप असतो. जुन्या बिडाच्या इंजिनासारखं त्याला नुसतं बोअर करून भागत नाही. म्हणजे इंजिन उतरवायचं, उघडायचं आणि लायनर बदलायचे. ज्या गाडीचं इंजिन उतरवावं लागत नाही म्हणून मी ती सुचवली होती, तीच ही गाडी.

डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही तर ३६० म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," मी म्हटलं. "ते मॉडेलबद्दल होतं, आणि गाडी न पाहता होतं. चुकलं माझं."

त्यांनी राग धरला नाही. पण मला ते लागलं. त्यांनी माझ्या शब्दावर ३६० च्या मालकाला आधीच होकार दिला असता, तर? एखादं मॉडेल चांगलं असणं आणि समोर उभी असलेली गाडी चांगली असणं यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षं आणि चार-पाच मालक गेलेले असतात. त्यांनी तेल कधी बदललं, गाडी गार असताना कशी पळवली, ठोकर लागल्यावर कुणाकडे नेली, हे त्या मॉडेलच्या कुठल्याच वर्णनात नसतं. तेव्हापासून फोनवर "कुठली घेऊ" याचं उत्तर मी देत नाही. गार इंजिन दाखवा, मग बोलू, एवढंच म्हणतो. ३६० वर माझा राग नाही. पुढे सहा महिन्यांनी दुसरी एक ३६० मी बिनशर्त पास केली, तिचे मॅनिफोल्ड मालकाने वेळेवर बदललेले होते.

डॉक्टरांनी ३५५ घेतली, मॅनिफोल्डचा खर्च किमतीतून वजा करून. मॅनिफोल्ड तसं इंजिन जागेवर असतानाही निघतं, पण बेल्टला तीन वर्षं झालेलीच होती, तेव्हा दोन्ही कामं एकदम करायची असं ठरलं. तीन आठवड्यांनी इंजिन खाली उतरवलं, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पांढऱ्या दिव्याखाली ते सबफ्रेमवर उभं होतं, तेलाचा थेंबही न गळणारं. डावं मॅनिफोल्ड काढून आवरण सोडवलं, तर नळीच्या जोडाशी नखाएवढा तडा सापडला.

मग मी बेल्टचं कव्हर काढलं. आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने कुणीतरी तारीख लिहिली होती, आणि खाली मीटरवरचा आकडा. फाइल मागवून ताडून पाहिलं. पावतीवर तीच तारीख, तोच आकडा. या जागी काही लिहिलेलं कुणाच्या नजरेला पडायचं तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. तो मिस्त्री कोण, मला माहीत नाही.

नवे बेल्ट बसवून झाल्यावर मी मार्कर मागून घेतला, त्याच्या अक्षराखाली त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि कव्हर परत लावलं.