आजींच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नातवाला त्यांचा मोठा फोटो हवा होता, १२ बाय १८ चा, मॅट पेपरवर. मी तो त्यांच्या घरीच काढला, दाराशी खुर्ची ठेवून, बाजूने येणाऱ्या उजेडात. फ्लॅश मुद्दाम टाळला. समोरून फ्लॅश मारला की सुरकुतीची सावलीच उरत नाही, आणि जे फाइलमध्ये नाही ते एडिटिंगमध्ये आणणार कुठून?

चूक झाली ती नौपाड्यात परतल्यावर. लग्नाच्या अल्बमची घाई होती, म्हणून नवरीच्या फोटोंना लावते तीच ॲक्शन (फोटोशॉपमध्ये साठवून ठेवलेल्या पायऱ्या) आजींच्या फोटोवर चालवली. फ्रिक्वेन्सी सेपरेशनची. त्यात फोटोचे दोन लेयर, म्हणजे थर होतात: वरच्या लेयरवर रंध्रं आणि बारीक रेषा राहतात, खालच्या लेयरवर रंग आणि छाया. खालचा लेयर ब्लर केला की त्वचेवरचे डाग मिटतात, रंध्रं मात्र तशीच दिसतात. मला वाटलं, छान झालंय.

प्रिंट आजींनी खिडकीशी धरला आणि अंगठ्याने हनुवटीवर काहीतरी शोधत राहिल्या. गोंदण गेलं होतं. तीन हिरवट ठिपके. गोंदणाची शाई त्वचेच्या आत असते, वर्षानुवर्षं कडा विरत जातात, त्यामुळे ते खालच्या लेयरवर येतं. मी डाग म्हणून पुसलं ते त्यांच्या अंगावरचं लेणं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र रात्रभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, पुन्हा उघडली. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्श्चरचा स्लायडर २०१९ मध्ये आला. तो मध्यम आकाराच्या तपशिलांवर काम करतो. गाल आणि कपाळावर मास्क घेऊन, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तो फक्त १२ वर नेला. क्लॅरिटीला, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या स्लायडरला, हात लावला नाही, तिने डोळ्यांखाली काळोख होतो. मग फोटोशॉपमध्ये कडा ठळक करणारा हाय पास फिल्टर, रेडियस २ पिक्सेल, सॉफ्ट लाइट ब्लेंडिंगमध्ये, वर तो परिणाम झाकणारा काळा मास्क; आणि १० टक्के ओपॅसिटीच्या पांढऱ्या ब्रशने डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, ओठांवरच्या उभ्या रेषा, एवढंच उघडलं. नाकपुड्यांच्या बाजूला नाही, तिथे त्वचा कोरडी, सालं निघाल्यासारखी दिसायला लागते. गोंदणासाठी ५० टक्के करड्या रंगाचा वेगळा लेयर घेतला आणि ठिपक्यांवर अगदी हलक्या हाताने बर्न केलं, म्हणजे ते किंचित गडद केले.

तीनशे टक्के झूम करून काम करायचा मोह होतो. मी दर पाच मिनिटांनी झूम आउट करून पूर्ण चेहरा बघत होते. मॅट पेपर थोडा तपशील खातो, म्हणून स्क्रीनवर बरं दिसतंय त्याहून किंचित जास्त शार्प ठेवलं.

नवा प्रिंट आजींनी पुन्हा खिडकीशी नेला. मधल्या ठिपक्यावर नख टेकवलं आणि सुनेला म्हणाल्या, "हा शेवटचा. हा गोंदताना मी रडले होते."